खडकात मुरलेली ऊब

ज्यांच्या वाड्यात किंवा मळ्यात विहीर होती, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पौषातल्या पहाटे हवा बोचत असते आणि रहाटानं वर आलेल्या पाण्यावर वाफ दिसते. हात घातला तर पाणी कोमट. तीच विहीर वैशाखात घशाला गारवा देते. लहानपणी मी धरून चाललो होतो की विहिरीचे ऋतू आपल्या उलटे असतात. खरं तर खोल पाण्याला ऋतू जवळजवळ नसतातच. बारा महिने ते एकाच तापमानाला असतं. बदलते ती वरची हवा, आणि आपला हात त्या हवेच्या मानानं पाण्याची परीक्षा करतो.

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, साठवणाऱ्यांनी जमिनीच्या याच स्वभावावर विश्वास टाकला. हा स्वभाव मोजला गेला तो पॅरिसमध्ये. तिथल्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोल तळघर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी तिथे पाऱ्याचा अचूक थर्मामीटर बसवला. वर शहरात बर्फ पडो की ऊन तापो, खाली पारा १२ अंशांच्या आसपासच राहायचा. उन्हाळा आणि हिवाळा जमिनीत उतरतात खरे, पण दहा-पंधरा मीटरांत विरून जातात. त्याखाली जमिनीचं तापमान साधारण त्या गावच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं. स्टॉकहोमच्या आसपास ते ७-८ अंश भरतं, पुण्यात २५ च्या पुढे जातं. या स्थिर तापमानाच्या आधारानं घर उबदार किंवा गार ठेवणारं यंत्र म्हणजे जमिनीचा हीट पंप. हे पुस्तक त्याविषयी आहे.

एक गैरसमज आधीच दूर करतो. 'भू-औष्णिक' म्हटलं की मराठी माणसाला वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आठवतात, दापोलीजवळचं उन्हवरे आठवतं, राजापूरचं उन्हाळे आठवतं. त्या झऱ्यांचं पाणी भेगांमधून फार खोल जाऊन तापून वर आलेलं असतं. आइसलंडमध्ये घरं तापवणारं पाणीही त्याच जातीचं. या पुस्तकातली उष्णता निराळी. जमिनीच्या वरच्या शे-दोनशे मीटरांतली ही ऊब मुख्यतः सूर्याची, वर्षानुवर्षं वरून झिरपत खडकात मुरलेली. ती हाताला जाणवत नाही. आठ अंशांच्या खडकावर हात ठेवला तर तो थंडगारच लागेल. त्या थंडगार खडकातून २१ अंशांचं घर कसं तापतं, हा प्रश्न वाचकाला पडला पाहिजे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वतः इंजिनियर असून मला तो पडला होता.

उत्तर प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात उभं आहे. फ्रिजच्या मागच्या किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून पाहा; तो गरम असतो. ती उष्णता आतल्या दुधा-भाजीतून काढलेली असते. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी मोठ्या शेगडीवर तास-दोन तास जोरात चालवली की बाहेरून गार पडते आणि दव धरते, कारण आतल्या द्रवाचा वायू होताना तो टाकीतूनच उष्णता ओढतो. आणि सायकलचा पंप दहा-वीस वेळा दाबला की त्याचं टोक चटका देतं. हीट पंप म्हणजे टाकी आणि सायकलचा पंप या दोन अनुभवांची जोडी. जमिनीतून शून्य अंशाला आलेलं पाणीसुद्धा उणे दहाला उकळणाऱ्या द्रवाला गरमच असतं. त्या पाण्याच्या उष्णतेवर द्रवाची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो, तापलेली वाफ घरात फिरणाऱ्या पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते, आणि बारीक व्हॉल्व्हमधून सुटून पहिल्यासारखी थंड पडते. कल्पना जुनी आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी ती १८५२ मध्ये मांडली. ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी लगेच पुढच्या काही वर्षांत एबेन्झे इथल्या मिठागरात असं यंत्र चालवून दाखवलं. आणि उष्णता जमिनीतून घ्यायची, यासाठी स्वित्झर्लंडच्या हाइन्रिख झोली यांनी १९१२ मध्ये पेटंट घेतलं.

या यंत्रात काहीही जळत नाही. वीज खर्च होते ती उष्णता तयार करायला नाही, तर ती खालच्या तापमानावरून वरच्या तापमानावर चढवायला. शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळतं, कारण तो मोटर घेताना आधी हेड विचारतो. पाणी किती फुटांवरून उचलायचं यावर विजेचं बिल ठरतं. इथेही तसंच. शून्यावरून ३५ अंशांवर चढवायचं असेल तर चढ ३५ चा. जुन्या रेडिएटरांना ५५ अंशांचं पाणी लागत असेल तर चढ ५५ चा. पहिल्यात एक युनिट विजेमागे घराला साधारण चार युनिटं उष्णता मिळते, दुसऱ्यात तीनच्या आसपास. बाहेरच्या हवेतून उष्णता घेणारा पंप स्वस्त पडतो, आणि सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशात मी तोच सुचवेन. पण हवा उणे १५ ला गेली की त्याचा चढ नेमका त्या दिवशी वाढतो, ज्या दिवशी घराला सर्वात जास्त ऊब हवी असते. खडकाला मात्र त्या थंडीची खबरही नसते.

या पुस्तकात मी स्वीडनला मध्यभागी ठेवलं आहे. मी तिथे राहिलो हे एक कारण, पण मोठं कारण वेगळं आहे. या तंत्राची परीक्षा एका संपूर्ण समाजानं कुठे घेतली असेल, तर तिथे. १९७० च्या सुमारास त्या देशाची जवळजवळ तीन-चतुर्थांश ऊर्जा तेलातून येत होती. घराघराच्या तळघरात तेलाचा बॉयलर आणि अंगणात तेलाची टाकी. १९७३ मध्ये तेलाचे भाव कडाडले आणि थंडीत घर तापवणं ही राष्ट्रीय चिंता झाली. पायाखाली होता ग्रॅनाइट आणि नाइस. कठीण, अखंड आणि उष्णता वाहून नेण्यात चांगला असा हा खडक. लोकांनी त्यात बोअर मारायला सुरुवात केली. तिथे या पद्धतीला 'बेर्यवेर्मे' म्हणतात, म्हणजे खडकाची ऊब. इतका साधा शब्द रुळला म्हणूनही ते तंत्र घराघरांत गेलं असं मला वाटतं.

मात्र वाट सरळ नव्हती. १९८० च्या दशकात तेल पुन्हा उतरलं, सरकारी मदत आटली, आणि घाईघाईनं उतरलेल्या कामचलाऊ कंत्राटदारांची यंत्रं बंद पडू लागली. लोकांचा विश्वास उडाला. तो परत आला तो जाहिरातींनी नव्हे. १९९१ मध्ये कार्बन कर लागू झाला. सरकारी संस्थेनं स्पर्धा लावून चांगल्या आणि स्वस्त पंपाची मागणी उत्पादकांपुढे ठेवली. आणि त्याच्याही आधीपासून विद्यापीठांत बसून काही माणसं शांतपणे गणित मांडत होती. लुंड विद्यापीठात पेर एस्किलसन यांनी १९८७ च्या प्रबंधात दाखवलं की एका बोअरमधून किंवा बोअरांच्या समूहातून वर्षानुवर्षं उष्णता काढली तर भोवतालचा खडक किती आणि कसा गार होत जातो. जागेवरच खडकाची उष्णता वाहण्याची क्षमता मोजायची चाचणी पाल्ने मोगेन्सेन यांनी १९८३ मध्ये सुचवली. जगभरातले आराखडे आजही याच पायावर होतात. आज स्वीडनमधल्या स्वतंत्र घरांपैकी पाचातल्या एकाच्या आसपास घर जमिनीच्या उबेवर चालतं.

या सगळ्या इतिहासापेक्षा मला जास्त शिकवलं ते माझ्याच अंगणातल्या एका दिवसानं. आमचं घर स्टॉकहोमपासून तासाभरावर, १९६० च्या दशकातलं. सकाळी सात वाजता रबरी पट्ट्यांवर चालणारं छोटं यंत्र फाटकातून आत आलं. कॉम्प्रेसरची लॉरी रस्त्यावरच थांबली. आपल्याकडे बोअरची गाडी आली की गल्ली जमते, तशीच तिथली पोरं कुंपणाशी जमली. आधी माती भेदून लोखंडी केसिंग पक्क्या खडकात बसवलं, म्हणजे वरचं घाण पाणी खाली उतरणार नाही. मग हॅमर सुरू झाला. बोअरचा व्यास जेमतेम साडेचार इंच. आपल्याकडे मुरूम, मांजऱ्या, मग काळा पाषाण असे थर बोलत बोलत खाली जातात. तिथे पाच मीटरांनंतर शेवटपर्यंत एकच राखाडी-गुलाबी खडक. चिखलाचं पाणी पाइपानं मोठ्या पेटीत साठत होतं. बोअरवाला दर काही वेळानं मूठभर चुरा धुऊन तळहातावर पाहायचा आणि खिशातल्या वहीत लिहायचा: माती किती, खडक कुठे लागला, पाणी किती मीटरवर. मी विचारलं, हे कुणासाठी? तो म्हणाला, देशासाठी. थट्टेनं नव्हे. १९७० च्या दशकापासून तिथे प्रत्येक बोअरची माहिती भूविज्ञान सर्वेक्षण खात्याला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि ती कुणालाही पाहता येते.

दुपारपर्यंत काम संपलं. काळ्या प्लॅस्टिकचा यू आकाराचा पाइप, टोकाला वजन बांधून, रिळावरून सरसर खाली गेला. त्यात पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण भरलं, गोठू नये म्हणून. ते मिश्रण खाली जातं, खडकाची ऊब घेऊन वर येतं, तळघरातल्या यंत्रात ती देऊन पुन्हा खाली जातं. जमिनीतलं पाणी उपसलं जात नाही, एक थेंबही नाही. दुष्काळ पाहिलेल्या वाचकाच्या मनात ही शंका पहिली येईल, म्हणून मुद्दाम सांगतो. झाकण बसलं, वर माती आणि गवत आलं. तळघरातला तेलाचा बॉयलर गेला, आणि घरातला पन्नास वर्षांचा वास त्याच्याबरोबर गेला.

दोन हिवाळे उत्तम गेले. तिसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, यंत्राच्या पडद्यावर जमिनीतून परत येणाऱ्या मिश्रणाचं तापमान उणे सहा दिसलं. ते शून्याच्या आगेमागे असायला हवं होतं. पाइपांवर बोटभर बर्फ होता. पंपाला पुरेशी ऊब मिळेना, म्हणून आतला विजेचा हीटर आपोआप चालू होऊन दिवसरात्र जळत होता. बिल आलं तेव्हा कारण शोधलं. ज्या कंत्राटदारानं काम केलं त्यानं घराचं क्षेत्रफळ विचारलं होतं, पण आदल्या वर्षांत तेल किती लागलं हे विचारलं नव्हतं. आमच्या घराला वर्षाला २०,००० युनिटांच्या आसपास उष्णता लागे. त्यातली सुमारे १३,००० खडकानं द्यायची. त्याला १७० मीटर बोअर हवी होती. मारली होती ११०. पहिली दोन वर्षं खडकानं आपली साठवण मोडून दिली, तिसऱ्या वर्षी ती संपली. शेवटी छपराखालचा लाकडाचा जुना भुसा काढून जाड थर घातला, खिडक्यांच्या फटी बुजवल्या, आणि पहिलीपासून दूर जाणारी तिरपी दुसरी बोअर मारली. त्यानंतर ते घर कधी थंड पडलं नाही.

या पुस्तकाला सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते मी ठासून सांगतो: चकचकीत यंत्र हा या व्यवस्थेतला सर्वात कमी महत्त्वाचा भाग आहे. ते वीस-पंचवीस वर्षांत बदलावं लागतं आणि बदलता येतं. बोअर आणि पाइप पन्नास वर्षांहून जास्त टिकतात, आणि तिथे झालेली चूक जमिनीत पुरलेली असते. आधी घराची भूक मोजायची, मग खडकाची देण्याची ताकद, आणि यंत्र सर्वात शेवटी निवडायचं. खडकातून दर उन्हाळ्यात जेवढं भरून येतं तेवढंच काढलं तर तो पिढ्यान्‌पिढ्या देतो. शेजाऱ्याच्या बोअरपासून वीस मीटर अंतर राखण्याचा स्वीडनमधला दंडकही त्यासाठीच आहे, नाहीतर दोघं एकाच खडकातून ओढत बसतात. उन्हाळ्यात पंप बंद ठेवून नुसतं मिश्रण फिरवलं तर घर गार होतं आणि घरातली उष्णता खडकात जमा होते. हिवाळ्यासाठी ती ठेवच असते.

जमीन न ओळखता बोअर मारली तर काय होतं, याचं उदाहरण जर्मनीतलं श्टाउफेन हे गाव. २००७ मध्ये तिथल्या जुन्या नगरभवनासाठी १४० मीटर खोलीच्या सात बोअर मारल्या. खाली अ‍ॅनहायड्राइट या खनिजाचा थर होता. बोअरांमधून दाबाचं पाणी त्या थरात शिरलं, त्याचं जिप्सम होऊ लागलं आणि जिप्सम फुगतं. गावाखालची जमीन वर उचलली जाऊ लागली आणि अडीचशेहून जास्त घरांना तडे गेले. हे प्रकरण मी परिशिष्टात ढकललं नाही, चौथ्या प्रकरणात सविस्तर घेतलं आहे. या तंत्राची बाजू घेणाऱ्यानं ते आधी सांगितलं पाहिजे.

आता मराठी वाचकाचा प्रश्न: आपल्याकडे चालेल का? मिशिगन, ओंटारिओ किंवा स्टॉकहोममध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी उत्तर सोपं आहे. त्यांच्यासाठीच पुस्तकाचा मधला भाग लिहिला आहे. काश्मीर, हिमाचल, लडाख इथे तापवण्याची गरज खरी आहे, आणि तिथे हा विचार गंभीरपणे व्हायला हवा. पुण्या-नागपुरात मात्र घाई करू नये. मे महिन्यात हवा ४० अंशांवर असताना खाली २५-२७ अंशांचा खडक आहे, तेव्हा एसीची उष्णता त्यात सोडणं पहिल्या वर्षी फार फायद्याचं दिसेल. पण आपल्या घराला हिवाळ्यात उष्णता परत काढून घ्यायची गरजच नाही. दरवर्षी फक्त जमा होत राहिली तर खडक तापत जाणार, आणि आपला बेसाल्ट ग्रॅनाइटच्या मानानं उष्णता सावकाश पसरवतो. जिथे एसी आणि गरम पाणी दोन्ही मोठ्या प्रमाणावर लागतात, म्हणजे रुग्णालयं, वसतिगृहं, हॉटेलं, तिथे हिशेब जमू शकतो. खोल्यांमधून काढलेली उष्णता आंघोळीच्या पाण्याला द्यायची आणि उरलेलीच जमिनीत सोडायची. विजेचा प्रश्नही टाळता येत नाही. स्वीडनची वीज मुख्यतः पाण्यावर आणि अणुशक्तीवर तयार होते. आपली मुख्यतः कोळशावर, आणि कोळशाच्या वीजकेंद्रात कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन बाहेर पडतो. तिप्पट उष्णता देणारा पंप तो तोटा फक्त भरून काढतो. त्यामुळे या पंपाचा आणि सौर-पवन विजेचा विचार एकत्रच करावा लागेल.

ही मतं मी हिशेबावर मांडतो आहे. ती पक्की करायची तर आपल्या जमिनीची मोजमापं हवीत, आणि त्यासाठी महाराष्ट्राइतकी सोय दुसरीकडे क्वचितच असेल, कारण आपल्याकडे गावोगाव बोअर मारल्या जातात. पाण्याच्या पातळीच्या नोंदी आपल्याकडे ठेवल्या जातात; मला त्यांच्या शेजारी तापमानाचा एक रकाना हवा आहे. म्हणून बोअरच्या गाडीवर काम करणाऱ्यांना, शेतकऱ्यांना आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. नवी बोअर मारल्यावर आठ-दहा दिवस तिला मोटर लावण्याआधी थांबा, कारण हॅमरनं खडक तापलेला असतो. मग थर्मामीटरचं टोक पाण्यानं भरलेल्या लहान बाटलीत बुडवून, बाटली दोरीला बांधून खाली सोडा. अर्धा तास ठेवा, पटकन वर ओढा आणि आकडा वाचा. दर दहा मीटरला एक आकडा, त्यासोबत कोणता थर किती फुटांवर लागला ते, गावाचं नाव आणि तारीख. अशी वही कुणी ठेवली तर पुढच्या आवृत्तीतलं महाराष्ट्राचं प्रकरण मी त्या वहीवरून नव्यानं लिहीन.